घाट उतरताना गिअर सोडू नका

‘समृद्धीवरून किती तासांत पोचलास?’ जालन्यातून बाईकवर ट्रिप मारून आलो, की मला हा प्रश्न ठरलेला. बॉस, मुंबई-नागपूरचा ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो खरा, ५ जून २०२५ला तो पूर्ण खुलाही झाला. पण तिथे टू-व्हीलरला एन्ट्रीच नाही!

बिघडलं कुठे? आपला रूट वेगळाय. राजूरच्या गणपतीला नमस्कार, मग भोकरदन, सिल्लोड आणि पुढे अजिंठ्याचा घाट. पावसाळ्यात हे डोंगर असे हिरवे होतात, की हा मराठवाडाच ना, असं वाटावं.

फक्त एक पथ्य पाळा. फर्दापूरकडे उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. खालचा गिअर ठेवा, इंजिनच वेग आवरतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. पुढे सळ्या भरलेला ट्रक असेल तर अंतर ठेवा, वळणावर ओव्हरटेक अजिबात नको.

लेण्यांच्या व्ह्यू-पॉइंटला मात्र थांबाच. वाघूर नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा तिथून मस्त दिसतो.

मग, या रविवारी निघताय? हेल्मेट घालूनच, हं!