स्वच्छतागृहाच्या दाराला कुलूप का?

दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरावर, चिल्ला गावाला लागून मयूर विहार ही मध्यमवर्गीयांची मोठी वसाहत आहे. २००९ मध्ये तेथे मेट्रो आली, २०१८ च्या अखेरीस दुसरी मार्गिका येऊन मिळाली आणि जमिनीचे भाव चढले. या वसाहतीतील एका व्यापारी इमारतीच्या तळमजल्यावर एक दार आहे. दारावर चाकाच्या खुर्चीचे निळे चित्र आहे आणि खाली कुलूप आहे. आत खराटे, बादल्या, फिनाईलचे डबे व एक मोडके टेबल ठेवलेले असते. किल्ली रखवालदाराजवळ असते असे सांगतात. परंतु ती नेहमी दुसऱ्या पाळीच्या रखवालदाराजवळ असते.

आमच्या परिचयाच्या एका भगिनीला लहानपणी पोलिओ झाला. ती कुबड्या व कॅलिपर वापरते. या इमारतीतील एका कार्यालयात ती दूरध्वनीवर ग्राहकांच्या तक्रारी घेण्याचे काम करीत असे. सकाळी घरून निघताना ती चहा घेत नसे व दिवसभर पाणी पीत नसे. कारण तिच्या मजल्यावरील स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या होत्या, आतली फरशी सदैव ओली आणि धरावयास काही नाही. सहा महिन्यांत मूत्रमार्गाचा विकार बळावला व तिने नोकरी सोडली. कार्यालयाच्या दप्तरी कारण नोंदले गेले ते "प्रकृती अस्वास्थ्य"! तिच्या प्रकृतीला काय झाले आणि ते कोणी केले, हे नोंदण्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

स्वच्छतागृहाचा प्रश्न हा दयाबुद्धीचा किंवा सोयीसुविधेचा किरकोळ प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. ज्या इमारतीत आठ तास लघवीला जाता येत नाही, त्या इमारतीत श्रम विकण्याचा अधिकारही उरत नाही. नोकऱ्यांतील राखीव जागा, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षण या सर्वांची वाट शेवटी या एका दारातून जाते.

हे दार कायद्याने केव्हाच उघडले आहे. १९९५ चा पहिला कायदा अपंगांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन मिळविला. परंतु इमारतींसंबंधीच्या कलमात राज्यकर्त्यांनी आर्थिक कुवतीच्या मर्यादेची पळवाट ठेवली. २०१६ च्या कायद्याने ती बंद केली. या कायद्याचे नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. तेव्हापासून पाच वर्षांत सर्व विद्यमान सार्वजनिक इमारती आणि दोन वर्षांत सरकारी-खासगी सर्व सेवा अपंगांना वापरता येतील अशा करावयाच्या होत्या. या निकषांत न बसणाऱ्या नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असेही कलम आहे. दोन्ही मुदती उलटून गेल्या. मग सरकारने केलेल्या नियमांतच मेख असल्याचे उघड झाले. कायदा "बंधनकारक" म्हणतो, तर नियम निव्वळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी हा नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्राला दिला. म्हणजे सात वर्षे शासनाने सक्तीच्या नावाखाली सल्ला दिला. दरम्यान २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांना "दिव्यांग" असे नाव बहाल केले होते. नावाला खर्च येत नाही.

आता प्रत्यक्ष बांधकामाकडे पाहू. कारण आपले कार्यकर्ते येथेच गप्प बसतात आणि अभियंत्याचा शब्द अखेरचा मानतात. अनेक शहरांच्या इमारत उपविधींत अपंगांच्या शौचालयाचे किमान माप वर्षानुवर्षे दीड मीटर गुणिले पावणेदोन मीटर असे आहे. चाकाची खुर्ची सुमारे सव्वा मीटर लांब असते व पूर्ण वळावयास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा मागते. भांडे व बेसिन बसवल्यावर त्या खोलीत ही जागा उरत नाही. खुर्ची आत जाते, पण वळत नाही. माणसाने पाठमोरे बाहेर यावयाचे. दार बाहेर उघडणारे हवे, कारण आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला स्वतःच अडसर होतो. आधाराचा दांडा विटांच्या भिंतीत पक्का रुतलेला हवा; पोकळ भिंतीत दोन स्क्रूंवर लटकवलेला दांडा पहिल्याच भाराला हातात येतो. मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपर्यंत लोंबती हवी, कारण पडलेल्याचा हात तेथेच पोहोचतो. पण पोछा मारताना अडचण होते म्हणून ती बहुतेक ठिकाणी वर गुंडाळून ठेवतात.

परदेशी आराखडे जसेच्या तसे उतरवल्याने आणखी एक घोटाळा होतो. कागदाची गुंडाळी हाताशी असते आणि पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर! पत्नीची खुर्ची ढकलणाऱ्या पतीने कोणत्या दाराने आत जावे, याचाही विचार नसतो. म्हणून हे शौचालय स्त्री-पुरुष विभागांच्या बाहेर, स्वतंत्र हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या देशातील गरीब अपंग माणसाजवळ चाकाची खुर्चीच नसते. त्याच्याजवळ हाताने चालवावयाची तीनचाकी असते. ती इमारतीबाहेर राहते आणि तेथून तो हातांवर सरपटत ओल्या फरशीवरून जातो. त्याच्या मापाने काढलेला आराखडा आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

राज्यकर्त्यांना हे जमत नाही असे नाही. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनारसारख्या वास्तूंत तातडीने लाकडी उतार बसवण्यात आले. उतार तात्पुरते होते.

मयूर विहाराला लागूनच त्रिलोकपुरी आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, दिल्लीतील झोपड्यांतून उठवलेल्या लोकांना येथे आणून टाकण्यात आले. पंचवीस चौरस वारांच्या आसपासचे भूखंड, त्यांत शौचालयाला जागा नाही, गल्लीच्या तोंडाशी सामुदायिक शौचालये. मयूर विहारच्या घरांतील धुणीभांडी आणि फाटकांवरील पहारा अशाच वस्त्यांतील माणसे करतात. ज्याने निळ्या चित्राच्या दाराला कुलूप लावले तो रखवालदार आणि ज्याने आत खराटे ठेवले तो सफाई कामगार हेही बहुधा तेथलेच. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण सफाईचे काम कंत्राटावर, दोन मजल्यांना एक माणूस, सामान ठेवावयास खोली नाही आणि शौचालय घाण दिसल्यास पगारात कपात, अशी स्थिती असता तो कुलूप लावणार नाही तर काय करील? अपंगांच्या शौचालयाची मागणी ही सफाई कामगारांच्या कायम नोकरीच्या मागणीपासून वेगळी काढली, तर हाती फक्त टाईल्स लावलेली एक बंद खोली येते.

आपल्याकडेही बोट दाखवावयास हवे. पक्षाची व जनसंघटनांची किती कार्यालये अरुंद जिन्याच्या माथ्यावर आहेत? सभेला न येणाऱ्या अपंग सभासदाला आपण निष्क्रिय ठरवतो, पण आपल्या कार्यालयातील शौचालयाचे दार किती रुंद आहे हे आपणांस ठाऊक नसते. चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटर मोकळे दार लागते. तेव्हा आपल्या शाखांनी प्रथम स्वतःच्या कार्यालयात फीत लावावी. मग तीच फीत घेऊन अपंगांच्या संघटनांसह व सफाई कामगारांच्या युनियनसह आपल्या भागातील तहसील कचेरी, एस. टी. स्थानक, बँक व बाजारसंकुल येथे जावे, मापे लिहून काढावीत आणि पूर्णत्वाचा दाखला कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला दिला हे माहितीच्या अधिकारात मागावे. पहिल्या उल्लंघनाला कायद्यात कमाल दंड अवघा १०,००० रुपये आहे. मालकाला तो परवडतो. दाखला रद्द होणे त्याला परवडत नाही.

त्या भगिनीने आता घरी बसून शिवणकाम घेतले आहे. मिळकत पूर्वीच्या निम्मीही नाही. ती म्हणाली, निदान पाणी पिता येते.