'सांग ना, करतो की!'

घर नीट ठेवण्याचं वेळापत्रक किती घरांत बनतं आणि किती घरांत टिकतं, याचा हिशोब कुणीतरी एकदा मांडायला हवा. १ जानेवारीला बनतं, दिवाळीच्या साफसफाईनंतर बनतं, नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर तर हमखास बनतं. कुणी एक्सेल शीट करतं, कुणी फ्रिजवर कागद चिकटवतं, कुणी मोबाईलवर अ‍ॅप घेतं. सोमवारी बाथरूम, बुधवारी फ्रिज, शनिवारी पंखे आणि जळमटं, रविवारी चादरी आणि उशांचे अभ्रे. पहिले पंधरा दिवस गाडी सुसाट. मग ऑफिसात रिलीज येतं, गावाकडे कुणाचं तरी लग्न निघतं, मावशींचे दोन खाडे पडतात.. आणि वेळापत्रक गेलं बाराच्या भावात.

मग कारणं ठरलेली. 'आम्ही आळशी आहोत हो', नाहीतर 'वेळ कुठे मिळतो?' मला ही दोन्ही कारणं साफ नामंजूर आहेत. हीच माणसं रात्री तीनला सर्व्हर पडला तर पाच मिनिटांत लॉगिन होतात. ऑन-कॉल रोटा पाळतात. सुट्टीवर जाताना न चुकता हँडओव्हरची मेल लिहितात. आळशी माणसाला हे जमत नाही. मग घरात पाऊल टाकल्यावर नेमकं काय होतं?

घरात एक वाक्य असतं. "सांग ना, करतो की!"

ऐकायला किती गोड! म्हणणारा बहुतेक वेळा पुरुष असतो, मनापासून म्हणतो आणि सांगितलेलं काम खरंच करतोही. म्हणूनच हे वाक्य जास्त वाईट. 'मी नाही करणार जा' असं कुणी म्हटलं तर निदान भांडता तरी येतं. इथे भांडणार कशावरून?

पण या वाक्याचा अर्थ काय होतो बघा. पिठाचा डबा तळाला गेलाय हे बघायचं तू. दळण कधी टाकायचं हे ठरवायचं तू. मला सांगायचं तू. मी विसरलो तर आठवण करायची तू, आणि दुसऱ्यांदा आठवण केलीस की कटकट करणारीही तूच. मी फक्त गिरणीत डबा नेऊन ठेवणार. आपल्या भाषेत सांगायचं तर मॉनिटरिंग, अलर्ट, प्लॅनिंग, फॉलोअप सगळं एका माणसाकडे आणि दुसरा माणूस तिकीट आलं तरच हात लावणार. ऑफिसात अशी टीम चालवा आणि बघा किती दिवस टिकते.

म्हणून मी म्हणतो की बहुतेक घरांत वेळापत्रक नसतंच. एका बाईला जे जे लक्षात राहतं, ते कागदावर उतरवलेलं असतं इतकंच. ती आजारी पडली, तिच्या प्रोजेक्टची डेडलाईन आली, ती चार दिवस माहेरी गेली, की सगळं ठप्प. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात ते दुसरं काय असतं?

आता आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची १० मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही लगेच आपली ९ कमी करून घेतली :-) आणि ही सरासरी फक्त जे घरकाम करतात त्यांची. २०१९ च्या पाहणीत दिवसभरात काहीतरी घरकाम केलेले पुरुष होते जेमतेम २६ टक्के, बायका ८१ टक्के. शिवाय भाजी चिरता चिरता डोक्यात जी यादी चालू असते (गॅसचा नंबर लावायचाय, फिनेल संपलंय, पाहुण्यांसाठी जास्तीच्या गाद्या काढायच्यात), ती कुठल्या रकान्यात घालणार?

यावर नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत.

पहिलं, 'आमच्याकडे मावशी आहेत.' असतील. पण त्यांना किल्ली कोण देतं, खाडे कोण लक्षात ठेवतं, त्या येणार नसल्याचा फोन कुणाला येतो? तेही कामच आहे आणि तेही त्याच एका माणसाकडे आहे. वर, मावशी आल्या नाहीत की आपला सगळा राग त्यांच्यावर. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला होता, महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. तरी आपण मात्र त्यांची सुट्टी म्हणजे आपल्यावर कोसळलेलं संकट समजतो. ज्या घराचं गाडं मावशींच्या एका रजेने अडतं, त्या घराने स्वतःकडे बघावं.

दुसरं, 'मशीन घेऊ ना!' जरूर घ्या. पण रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंचं 'मोअर वर्क फॉर मदर' हे १९८३ चं पुस्तक याच विषयावर आहे. यंत्रांनी कष्ट कमी केले, पण बाईच्या वाट्याचं काम काही संपवलं नाही. कपडे पूर्वीपेक्षा जास्त वेळा धुवायला लागले आणि जी कामं घरातले इतर जण करत होते तीही कमी होत तिच्यावरच उरली. डिशवॉशर आणाल, पण तो भरायचा कुणी, रिकामा करायचा कुणी? फिल्टर कधी साफ करायचा हे बघायचं कुणी?

तिसरं आणि लाडकं, 'मी केलेलं तिला पटतच नाही.' यात थोडं तथ्य आहे, पण उपाय सोपा आहे. काम 'झालं' म्हणजे काय, हे दोघांनी एकदा बसून ठरवा. ओटा आवरणं म्हणजे ओट्यावरून फडकं फिरवणं नव्हे. शेगडी उचलून खालचं पुसायचं, सिंकच्या जाळीतला खरकटा काढायचा, उरलेलं अन्न लहान भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, ओलं फडकं धुऊन वाळत टाकायचं. एवढं झालं की ओटा आवरला. हे ठरल्यावर मात्र तिनेही मागे उभं राहून बघायचं नाही. रोज आपलाच कोड रिव्ह्यू झालेला कुणाला आवडेल?

आणि 'कधी करायचं' हे आपला मूड ठरवत नाही, काम ठरवतं. डेंगीचा एडिस डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणून सांगतं ते याच हिशोबाने. कुंडीखालची ताटली, कुलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे आठवड्याला रिकामा व्हायलाच हवा. कुणी सांगेपर्यंत डास थांबत नाही.

आमच्या घरी मी आणि बायको दोघं नोकरी करतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोघंही अडकतो. रात्रीचा ओटा, पिण्याचं पाणी, ओला-सुका कचरा, बाथरूम आणि मावशींचा सगळा व्यवहार माझा. वाणसामान, कपडे, चादरी, फ्रिज तिचा. स्वयंपाक दिवस वाटून. हार्पिक संपलं तर ते मला दिसायला हवं, ती सांगणार नाही. गावाला जाताना आम्ही एकमेकांना हँडओव्हर देतो. घर काही मासिकातल्या फोटोसारखं दिसत नाही, पण दोघांपैकी कुणीही आठ दिवस नसलं तरी चालू राहतं. मला तेवढंच हवंय.

तेव्हा या रविवारी नवीन वेळापत्रक बनवू नका. घरातली सगळी कामं एका कागदावर लिहा आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव टाका. लक्ष ठेवणं, सामान आणणं, करणं, सगळं त्या नावाचं. पुढचा महिनाभर त्या कामाबद्दल दुसऱ्याने आठवण करायची नाही. आणि हो, 'मी तिला घरात मदत करतो' हे वाक्यही बंद. मदत पाहुणा करतो. तुम्ही तिथे राहता.