शिस्त वर्तनाची असावी

काही दिवसांपूर्वी मुलुंडमध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी व्याख्यान होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका आईने चिठ्ठी पाठवली : ‘मुलगा समलिंगी असेल, तर सैन्यात त्याला स्थान आहे का?’ सभागृहात कुजबुज झाली आणि चिठ्ठी निमूटपणे बाजूला ठेवली गेली. वास्तविक त्या प्रश्नाला उत्तर मिळायला हवे होते.

वस्तुस्थिती अशी आहे. भारतीय दंडविधानाचे ३७७वे कलम ही १८६० मधील इंग्रजी राजवटीची देणगी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध त्यातून वगळले; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. मात्र १९५० च्या सेना अधिनियमाच्या ४६व्या कलमात ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३३व्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही, सैन्यात हे मान्य होणार नाही, असे स्पष्ट केले होते.

सैन्याची चिंता अनाठायी नाही. बराकीत जवान रात्रंदिवस एकत्र राहतात. वरिष्ठाच्या शब्दाला तेथे आज्ञेचे वजन असते. म्हणूनच बळजबरी आणि पदाचा गैरफायदा यांना कठोर शासन हवेच. मग ते वर्तन कोणाचेही असो. परंतु स्वभाव हा गुन्हा कसा ठरावा? ज्या ब्रिटनने ३७७वे कलम आपल्या माथी मारले, त्याने स्वतःच्या सैन्यातील बंदी २००० साली उठवली. सतत युद्धाच्या छायेत जगणाऱ्या इस्रायलने तर १९९३ मध्येच निर्बंध काढले. त्यामुळे त्याची सेना दुबळी झाली, असे कोण म्हणेल?

परकीयांचे दाखले नको असतील, तर आपल्याकडेच पाहावे. जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक यांचे उदाहरण दिले आणि अशा व्यक्तींनाही जगण्याचा अधिकार असल्याचे सांगितले. हे दोघे सेनापती होते, हे विसरून चालणार नाही.

‘अनैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ आता संसदेने स्पष्ट करावा. शिस्त वर्तनाची असावी, स्वभावाची नव्हे. तोवर त्या माउलीला प्रामाणिक उत्तर एवढेच : नियम आज प्रतिकूल आहे, पण म्हणून आपल्या मुलाची देशभक्ती उणी ठरत नाही. हे सांगण्याचे धैर्य त्या संध्याकाळी व्यासपीठावर नव्हते आणि समोर बसलेल्या माझ्यातही नव्हते.