स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यावा का? एकशे चाळीस वर्षांचा हिशेब

#थ्रेड

१/१२
अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढे हिवाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न हमखास उभा राहतो : भिंतीवरचा साधा थर्मोस्टॅट काढून तेथे 'स्मार्ट' बसवावा काय? विक्रेते इंधनबचतीचे आश्वासन देतात. हे आश्वासन नवे नाही, आणि ते यापूर्वी एकदा फसलेलेही आहे. म्हणून खरेदीपूर्वी या यंत्राचा इतिहास पाहणे हिताचे ठरेल.

२/१२
थर्मोस्टॅट स्वतः उष्णता निर्माण करत नाही. खोली ठरवलेल्या अंशाखाली गेली की तो भट्टी चालू करतो, तो अंश गाठला की बंद करतो. अंश किती असावा, हे मात्र माणूस ठरवतो. पुढील सारी कहाणी या एका वाक्यात सामावलेली आहे.

३/१२
१८८३ साली वॉरन जॉन्सन या विस्कॉन्सिनमधील अध्यापकाने खोलीतील विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट मिळवले. त्यांच्या शाळेत शिपाई वर्गावर्गांत जाऊन तापमान पाही आणि मग तळघरात जाऊन हवेची झडप उघडे वा मिटे. जॉन्सन यांच्या आरंभीच्या योजनेत तापमान बदलताच तळघरात घंटा वाजे. शिपायाची फेरी वाचली, हात मात्र त्याचाच राहिला.

४/१२
मिनियापोलिस येथील आल्बर्ट बुट्झ यांनी लवकरच तो हातही वाचवला. १८८६ मध्ये पेटंट मिळालेल्या त्यांच्या यंत्रात खोली थंड होताच झडप आपोआप उघडे आणि कोळसा पेट घेई. या दोन्ही शोधांमागची मुख्य प्रेरणा सोयीची होती. काटकसर हा थर्मोस्टॅटचा जन्मजात गुण नव्हे. तो त्याला पुढे चिकटवला गेला.

५/१२
१९५३ मध्ये हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट आला. रचनाकार होते हेन्री ड्रायफस. तबकडी फिरवली की काम झाले. शिकण्यासारखे काहीच नव्हते. असे थर्मोस्टॅट अनेक घरांत कित्येक दशके विनातक्रार चालले. टिकाऊपणाच्या या मापाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

६/१२
बचतीचा विचार भिंतीवर आला तो इंधनटंचाईमुळे. २ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरी कार्डिगन घालून दूरचित्रवाणीवर आले. दिवसा ६५ अंश फॅरनहाइट (सुमारे १८ अंश सेल्सियस) आणि रात्री ५५ अंश (सुमारे १३) ठेवा, असे त्यांनी जनतेला सांगितले. त्यासाठी नवे यंत्र लागत नव्हते. लागत होती एक सवय आणि एक स्वेटर.

७/१२
सवयीची जागा यंत्राने घ्यावी, म्हणून वेळापत्रक भरता येणारे थर्मोस्टॅट पुढे आले. १९९५ पासून अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यांना 'एनर्जी स्टार' हे मानचिन्ह दिले. परंतु अनेकांनी वेळापत्रक भरलेच नाही, किंवा भरून ते रद्द केले. अपेक्षित बचत सिद्ध होईना. २००९ अखेर ते मानचिन्ह काढून घेण्यात आले. यंत्र सक्षम होते. वापर तसा झाला नाही.

८/१२
या अपयशाला उत्तर म्हणून २०११ मध्ये 'नेस्ट' अवतरला. माणूस वेळापत्रक भरत नसेल, तर यंत्रानेच त्याच्या सवयी शिकाव्यात आणि घर रिकामे दिसताच ऊब कमी करावी, ही कल्पना खरोखर चतुर होती. २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३२० कोटी डॉलरला विकत घेतली.

९/१२
मग बचत होते काय? 'एनर्जी स्टार' आज सरासरी बचत सुमारे ८ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ५० डॉलर सांगतो. मात्र त्यातील तुलना दिवसरात्र एकाच सुखकर तापमानावर ठेवलेल्या घराशी असते. उलट, कॅलिफोर्नियातील घरांवरील प्रयोगांच्या २०२२ मधील शोधनिबंधात वीज व गॅसच्या वापरावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. माणसे यंत्राची काटकसर हाताने मोडून काढत होती. तळघरातून हटवलेला हात भिंतीवर परतला होता.

१०/१२
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'घर थंड होऊ देऊन पुन्हा तापवणे महाग पडते' हे साध्या भट्टीच्या बाबतीत खरे नाही. आतबाहेरचा फरक जितका कमी, तितकी उष्णता कमी निसटते. अपवाद हीट पंपाचा : तेथे तापमान फार उतरवून एकदम चढवले, तर खर्चिक पूरक हीटर चालू होऊन बचत बुडू शकते.

११/१२
आता हिशेब. १३० डॉलरचे यंत्र वर्षाला ५० डॉलर वाचवत असेल, तर किंमत अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल होते. वीज कंपनीने सवलत दिल्यास त्याआधीच. पण झोपण्यापूर्वी आणि घराबाहेर पडताना तबकडी खाली करणाऱ्या घरात त्या ५० डॉलरपैकी फारसे काही उरत नाही. ज्या घरात आजीआजोबा वा तान्हे मूल दिवसभर असते, तेथेही रिकामे घर ओळखणारे यंत्र काय ओळखणार? शिवाय आयुष्य पाहावे : नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचे फोनवरून होणारे नियंत्रण २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले. भिंतीवरून ती यंत्रे चालतात, पण ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गेला.

१२/१२
निष्कर्ष स्पष्ट आहे. दिवसाचे आठ-दहा तास घर रिकामे, येण्याजाण्याच्या वेळा अनियमित, आणि तबकडीला हात लावण्याची कोणालाच आठवण नाही, अशा कुटुंबाने स्मार्ट थर्मोस्टॅट अवश्य घ्यावा. मात्र त्याने उतरवलेला अंश पुन्हा चढवू नये. इतरांनी आधी एक हिवाळा साध्या तबकडीवर शिस्त पाळून बिल पाहावे. त्या बिलात जी बचत दिसेल, तिच्यासाठी यंत्राची गरज नव्हती, हे आपोआप कळेल.