जेवणानंतर घेतली तरी

गुडघे दुखायला लागले की आपल्याकडे डॉक्टरच्या आधी मेडिकल गाठलं जातं. पाकिटातून चार गोळ्या कापून हातावर पडतात, सोबत सल्लाही मिळतो: जेवणानंतर घ्या, काही होत नाही. याच भरवशावर माणसं वर्षानुवर्षं डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेत राहतात. हा भरवसा खोटा आहे.

ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. सांधा सुजतो, दुखतो, त्यात याच द्रव्यांचा हात असतो. पण जठराचं अस्तर स्वतःच्याच आम्लात टिकतं तेही त्यांच्यामुळेच. अस्तरावरचा चिकट थर आणि तिथला रक्तपुरवठा तीच राखतात. गोळी दोन्हीकडचं काम थांबवते, आणि मुख्यतः रक्तात मिसळून थांबवते. म्हणून पोटभर जेवून घेतली, अगदी इंजेक्शन घेतलं, तरी जठर आणि त्याला लागून असलेलं ड्युओडेनम उघडं पडतंच. जेवणाने फार तर जळजळ कमी होते.

जळजळ नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. या गोळ्यांनी झालेला अल्सर अनेकदा दुखतच नाही. रक्त आत झिरपत राहतं. थकवा येतो, दम लागतो, आणि घरातले म्हणतात, वय झालं. काळी, डांबरासारखी चिकट शौचास झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो निर्णय डॉक्टरांना करू द्या.)

सगळ्यांना सारखा धोका नसतो. पासष्टी ओलांडलेले, आधी अल्सर झालेले, स्टेरॉइड घेणारे, आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, यांची मला खरी काळजी वाटते. अशांना ही औषधं द्यावीच लागली तर डॉक्टर ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज जोडून देतात. जळजळल्यावर अँटासिड पिणं म्हणजे ते संरक्षण नव्हे. एकट्या गुडघ्याचं दुखणं असेल तर वरून लावायच्या डायक्लोफिनॅक जेलचं औषध रक्तात फारच थोडं उतरतं, त्याबद्दल आधी विचारावं.

डायक्लोफिनॅकची गोळी नियमाने चिठ्ठीशिवाय विकायची नाही. तो नियम पाळला जावा, ही माझी मागणी आहेच. तोवर प्रत्येक मेडिकलवाल्याने गोळी कापण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? पूर्वी कधी अल्सर झाला होता का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर कात्री खाली ठेवून गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवावं.