दिसले की भासले?

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही सारे गच्चीवर चढतो. मुलांना ईदची घाई झालेली असते. कुणीतरी ओरडते, "तो पाहा चाँद!" त्या बोटाच्या दिशेने पाहणाऱ्या आणखी दोघांनाही तो लगेच दिसू लागतो. थोड्या वेळाने कळते, ती ढगाची कडा होती. खोटे कुणीच बोललेले नसते. मनात जे घट्ट बसले आहे, तेच डोळा दाखवतो. म्हणून गवाही घेताना जाणती माणसे प्रत्येकाला वेगवेगळे विचारतात: कोर कुठे होती? टोके कोणत्या बाजूला होती?

हीच अडचण जगातल्या अत्यंत महागड्या सूक्ष्मदर्शकांपुढेही आली, हे वाचून आम्हाला नवल वाटले.

शाळेतला सूक्ष्मदर्शक प्रकाशावर चालतो. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान वस्तू त्यात नीट उमटत नाही. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात आणि कोरोनाचा विषाणू जेमतेम १०० नॅनोमीटरचा. १९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नॉल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला आणि ही मर्यादा ओलांडण्याची वाट खुली झाली.

पण जिवंत पेशीतले नाजूक रेणू त्या झोताने जळतात, निर्वात नळीत सुकतात. १९८०च्या दशकात जाक दुबोशे यांनी तोड काढली. नमुना अतिथंड ईथेनमध्ये इतक्या झटक्यात बुडवायचा, की पाण्याचे स्फटिक होण्याआधीच ते काचेसारखे गोठते आणि रेणू आहे त्या स्थितीत थबकतो.

रेणू जळू नये म्हणून झोतही अगदी मंद ठेवावा लागतो. त्यामुळे चित्र कसे येते? जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे! एका चित्रातून काहीच कळत नाही. योआखिम फ्रँक यांनी संगणकाला हजारो चित्रे जुळवायला शिकवले. सारख्या बाजूची चित्रे एकावर एक ठेवून सरासरी काढली की मुंग्या एकमेकींना खोडतात आणि खरा आकार उरतो. वेगवेगळ्या स्थितीतली चित्रे निवडून वेगळी केली तर हालचालीचे टप्पेही मिळतात. कोरोनाच्या काट्याचे टोक वर उचलले जाते, हे २०२०च्या फेब्रुवारीत असेच दिसले. विषाणूची जनुकीय माहिती जाहीर होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. लस बनवणाऱ्यांना हा नकाशा फार उपयोगी पडला.

आता खरी गोष्ट ऐका. चित्रे जुळवायला संगणकाला आधी एक नमुना द्यावा लागतो. संशोधकांनी गंमत म्हणून त्याला आइन्स्टाइनचा फोटो दिला आणि नुसत्या मुंग्यांची एक हजार चित्रे जुळवायला सांगितली. त्या चित्रांत कुणाचाच चेहरा नव्हता. तरी सरासरीतून आइन्स्टाइन बाहेर आला! फोटोशी योगायोगाने थोड्या जुळणाऱ्या मुंग्या संगणकाने बरोबर त्या त्या जागी नेऊन बसवल्या होत्या.

२०१३ साली एचआयव्ही विषाणूच्या एका प्रथिनाच्या चित्रावरून वाद पेटला, तेव्हा रिचर्ड हेंडरसन यांनी हाच दाखला देऊन सर्वांना सावध केले. हे हेंडरसन साधे टीकाकार नव्हेत. २०१७चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना दुबोशे आणि फ्रँक यांच्याबरोबर मिळाले. ज्यांनी ही विद्या उभी केली, त्यांच्यापैकीच एकाने तिची फसगत उघडपणे सांगितली.

यावरचा उपाय आपल्या गवाहीसारखाच आहे. सगळी चित्रे सुरुवातीलाच दोन ढिगांत वाटायची. दोन्हींवर वेगवेगळे काम करायचे, एकाची सावली दुसऱ्यावर पडू द्यायची नाही. शेवटी दोन आकार शेजारी ठेवायचे. जितक्या बारकाव्यापर्यंत ते जुळतात, तितकाच बारकावा खरा मानायचा. बाकीचा सोडून द्यायचा.

आमच्याही घरात मुंग्यांची चित्रे रोज येतात. मोबाइलवरचा निरोप असतो, शेजारच्या घराबद्दलची कुजबुज असते, होणाऱ्या सुनेविषयी कुणी तरी टाकलेला शब्द असतो. नमुना मनात आधीच तयार असला की चेहरा उमटायला वेळ लागत नाही. दहा जण तेच सांगतात म्हणून आम्ही मान डोलावतो, पण त्या दहाही जणांनी एकाच बोटाच्या दिशेने पाहिलेले असते.

तेव्हा मत बनवण्याआधी एवढे विचारू या: ज्याला कुणी काही सांगितलेले नाही, त्यालाही हेच दिसले का?