वॉरंटीत आहे ना? मग गप शोरूमला जा!

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता ते म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. बाबा रे, तुझ्या गाडीच्या वॉरंटीचं पुस्तक तू उघडून पाहिलंस का? उत्तर ठरलेलं असतं. पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीची पट्टीसुद्धा न काढलेली.

आपण आयटीवाली मंडळी म्हणजे मोठे चिकित्सक. वीस हजारांचा फोन घ्यायचा तर तीन आठवडे प्रोसेसरची तुलना करणार. ओपन सोर्सवर जेवणाच्या टेबलावर भांडणार. एकाच व्हेंडरच्या दावणीला सिस्टिम बांधली म्हणून आर्किटेक्टला शिव्या घालणार. आणि तीच माणसं दहा लाखांची गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात उभी करून, जॉबकार्डवर न वाचता सही ठोकून, कॉफी मशीनकडे चालू लागतात. का? तर 'वॉरंटी जाईल'.

पहिली गोष्ट, वॉरंटी म्हणजे नेमकं काय? कारखान्यात राहिलेला दोष कंपनी फुकट दुरुस्त करून देईल, एवढंच ते वचन. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, वायपरचं रबर, क्लच प्लेटची झीज हे त्यात धरत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा ते बनवणाऱ्या कंपनीची असते, गाडीवाल्याची नाही. आणि 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फ्री. तेलाचे पैसे आपलेच.

आता शिरवळचा हिशोब बघा. आमचं गाव पुणे-बंगळूर हायवेवर, नीरेच्या अलीकडे. पूल ओलांडला की पुणे जिल्हा. आमच्या गाडीच्या कंपनीची अधिकृत सर्व्हिस सेंटर्स आम्हाला सोयीची अशी दोनच, एक पुण्यात, एक साताऱ्यात. पुण्याला जा, खेड शिवापूरचा टोल. साताऱ्याला जा, आधी खंबाटकीचा घाट आणि मग आनेवाडीचा टोल. जाऊन येऊन शंभरच्या वर किलोमीटर आणि अख्खा दिवस. वडील सकाळी सातला निघतात आणि संध्याकाळी 'वॉशिंग बाकी आहे काका, अर्धा तास' हे तीन वेळा ऐकून आठला घरी येतात. कशासाठी? साडेतीन लिटर तेल बदलायला! ज्या कामाला आमच्या नाक्यावरच्या अण्णांना पाऊण तास लागतो.

मागच्या सर्व्हिसिंगला मी वडिलांबरोबर मुद्दाम गेलो. वीस हजार किलोमीटरचं सर्व्हिसिंग. अंदाज लिहून आला ११,२०० रुपये. त्यात इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अँटी रस्ट कोटिंग आणि 'इंटिरियर एन्रिचमेंट' नावाचा एक अगम्य प्रकार. मी पुस्तक उघडलं, वीस हजारांच्या रकान्यावर बोट ठेवलं. तेल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर, बाकी सगळ्यापुढे 'तपासणे'. म्हटलं, एवढंच करा.

"सर, बाकीचं नाही केलं तर पुढे वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो."

"चालेल. हेच वाक्य जॉबकार्डवर लिहून सही करून द्या."

"तसं लिहून नाही देता येत सर."

बिल झालं ५,९०० रुपये. त्या पोराचा मला राग नाही. किती 'व्हॅल्यू अ‍ॅडेड' कामं विकली यावर त्याचं टार्गेट असणार, आपल्याकडे बिलेबल अवर्स असतात तसं. राग आहे तो वॉरंटी या शब्दाचा बागुलबुवा करून पाच हजार काढणाऱ्या व्यवस्थेचा. माझे वडील एकटे गेले असते तर त्यांनी ते निमूट दिले असते. सदतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, शोरूमच्या एसीत बसून पॉलिश केलेल्या इंग्रजीशी वाद घालत नाही.

आता कायद्याचं. हा वाद माझ्या डोक्यातून निघालेला नाही. २०११ साली एका ग्राहकाने तीन मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळूच देत नाहीत. चौकशी वाढत वाढत बाकीच्या कंपन्यांपर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा, फोर्ड, स्कोडा, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू... देशी-परदेशी भेद नाही. आणि दंडापेक्षा मोलाची गोष्ट आदेशात आहे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजना मिळतील अशी सोय करा.

मग कंपन्या अपिलात गेल्या. काही दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, कायद्यातल्या कलमांनाच आव्हान द्यायला. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सानच्या प्रकरणात आयोगाचे निष्कर्ष उचलून धरले, फक्त दंड मोजायची पद्धत बदलून तो कमी केला. पुढे कोर्टकचेऱ्या चालूच राहिल्या. दरम्यान सर्व्हिस डेस्कवरचं वाक्य मात्र तसूभर बदललं नाही.

अमेरिकेत वॉरंटीला विशिष्ट सर्व्हिसची अट जोडायची असेल तर ती सर्व्हिस फुकट द्यावी लागते (त्यातून सुटायचं तर सरकारी परवानगी आणा). हा कायदा १९७५ चा आहे. युरोपियन युनियनने २०१० च्या नियमांबरोबर हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. आपल्याकडे ग्राहक खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल काढणं आपल्याला छान जमतं.

असो. 'मग जा ना अण्णांकडे, कोण अडवतंय?' असं तुम्ही म्हणाल. गंमत इथेच आहे. अण्णाच अडवतात. तीस वर्षं गाड्या खोलणारा हा माणूस आमची गाडी बघून दोन पावलं मागे सरला. "वॉरंटीत हाय का? मग नको बाबा. उद्या काय झालं तर माझ्या नावानं खडे फोडाल."

आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोठं नुकसान हे आहे, पाच हजारांचं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, सेन्सर वाढले, तेलाचे ग्रेड बदलले. अण्णांनी या गाड्या शिकायच्या कधी? पहिली तीन वर्षं त्यांना बॉनेट उघडू द्यायचं नाही. चौथ्या वर्षी वॉरंटी संपली की गाडी त्यांच्याकडे न्यायची, आणि त्यांना जमलं नाही की म्हणायचं, 'बघ, लोकल मेकॅनिकला काही येत नाही.' मग परत शोरूम. जुलै २०२४ मध्ये मारुतीने दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटरची वॉरंटी वाढवून तीन वर्षं किंवा एक लाख केली, तेव्हा आमच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. ग्राहकासाठी ते चांगलंच आहे. पण वॉरंटी लांबली की बागुलबुवाही लांबला, हे टाळ्या वाजवताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिरवळला एमआयडीसी आहे. आसपासच्या कारखान्यांत फ्रीजपासून सूतगिरणीच्या यंत्रांपर्यंत काय काय तयार होतं. टॉर्क रेंच वापरणारी पोरं गावात पैशाला पासरी आहेत. कौशल्य नाही हे कारण मला सांगू नका. माहिती आणि सुटे भाग कुलपात आहेत, आणि कुलूप आपण आपल्या हाताने लावतो.

आता मी काय करतो ते सांगतो. वॉरंटी असेपर्यंत वेळापत्रकातलं सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच. आयोगाचा आदेश खिशात असला तरी उद्या गिअरबॉक्सचा दावा नाकारला तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तारखा मला खायच्यात, आणि साठीच्या वडिलांना त्या खायला लावायची माझी तयारी नाही. हे काही शौर्य नाही, हिशोब आहे. रिकॉल आणि सॉफ्टवेअर अपडेटही तिथेच. पण पुस्तकात नाही ते एकही काम तिथे नाही. 'वॉरंटी जाईल' म्हणाले की लेखी मागायचं. लेखी दिलंच तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, त्याच कागदाचा फोटो घेऊन तक्रार.

आणि मधलं सगळं, म्हणजे अलाइनमेंट, ब्रेक पॅड, केबिन फिल्टर, बॅटरी, वायपर, गावात. अट एकच, कागद. भाग ओरिजिनल, दुकानाचं पक्कं बिल. 'पक्क्या बिलाला टॅक्स लय पडतो' ही सबबही आता अर्धी मेली आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर अठ्ठावीस नाही, अठरा टक्के जीएसटी आहे. जुन्या भागाचा, नव्या खोक्याचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो. दोन मिनिटांचं काम.

स्थानिक गॅरेजवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. सिगारेटच्या पाकिटामागे 'ब्रेक काम २२००' लिहून देणाऱ्याच्या बाजूने कुठलाच आयोग उभा राहू शकत नाही. जीएसटी नोंदणी नसेल तर नसू दे, पण छापील बिलावर तारीख, गाडी नंबर, किलोमीटर आणि भागाचा नंबर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. सुट्या ड्रममधलं तेल ओतणं बंद करा, सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर फोडा.

अण्णांशी यावर महिनाभर हुज्जत घातली. "एवढं लिहीत बसलो तर काम कधी करू?" हे त्यांचं म्हणणं. शेवटी मीच एका पानाचा फॉर्म टाइप केला, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून शंभर प्रती काढल्या आणि त्यांच्या टूलबॉक्सवर ठेवल्या. पहिल्या पानावर आमच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आहेत, २३,४१० किलोमीटर. खाली अण्णांची सही, आणि सहीखाली त्यांनी स्वतःच्या मनाने वाढवलेली एक ओळ : 'जुने पॅड गिऱ्हाइकास दाखवले.'